हिंदुरावाची गूळतुला

टाळकरी मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजालाही दम खाऊ द्या. आणि मागं खांबाला टेकून बसलेले — हो, तुम्हीच, डोळे मिटून ध्यान लावलेले! ध्यान आहे तोवर ठीक आहे, त्याचं घोरणं होऊ देऊ नका. कारण आजची गोष्ट घोरण्यापर्यंत जाणार आहे!

तर मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा राहिलोय. मायेचं माप काय? दूध मोजायला लिटर आहे, कापड मोजायला मीटर आहे. पण आईची लेकरावरची माया — ती कशात मोजायची? कोणी म्हणेल डोळ्यांतल्या पाण्यात. कोणी म्हणेल लेकराच्या उशाशी केलेल्या जागरणात. आणि आपल्याकडं बहुतेकांचं उत्तर काय? — ताटात! ताटात किती वाढलं, त्यात! "माझ्याकडं आलास आणि दोनच पोळ्या? म्हणजे आमच्यावर तुझा जीवच नाही!" असं होतं की नाही? बायका हसतायत... म्हणजे होतं!

आता हे माप खरं की खोटं, मी नाही सांगत. मी गोष्ट सांगतो, तुम्ही ठरवा.

कोल्हापूरच्या बाजूला, उसाच्या मुलखात, पिंपळखोल नावाचं एक गाव. गावामागं उभा डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर देवी — डोंगराई. आई म्हणू नका, माउली म्हणू नका, तिथली माणसं तिला नुसती 'माय' म्हणतात. त्या गावात तानूबाई आणि तिचा नवरा राहायची. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. सगळं होतं, पोर नव्हतं. बऱ्याच वर्षांनी झालं — पण कसं? वीतभर! ना रडायची ताकद, ना दूध ओढायची. सुईणीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तानूबाई बाळंतिणीच्या खाटेवरून उठली. ते पोर पदरात घेतलं आणि अनवाणी डोंगर चढून वर गेली. मायेच्या पायावर पोर ठेवलं. म्हणाली, "माये, तूच दिलंस, तूच राख. हे जगलं तर दरसाल जत्रेला ह्याच्या भारंभार गूळ तुला वाहीन!"

गुळाच्या घरची बाई, ती दुसरं काय वाहणार!

आणि पोर जगलं, मंडळी! बोला — डोंगराईच्या नावानं... चांगभलं! अहो, जोरात! पोर जगलंय आणि तुम्ही असं बोलताय जसं काही उसाचं बिल अडकलंय!

पोराचं नाव ठेवलं हिंदुराव. डोंगराच्या पायथ्याला दोन दगडी खांब, त्यांच्यावर सागवानी तुळई आणि तिला टांगलेला लाकडी तराजू. पहिल्या जत्रेला एका पारड्यात पोर ठेवलं, दुसऱ्यात गूळ. एवढीशी ढेप, एका हातात मावेल अशी. तिथली रीत अशी — ज्याची तुला झाली, त्यानंच पहिली ढेप खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा, मायेपुढं ठेवायची, वरची घंटा वाजवायची. घंटा खाली ऐकू आली की उरलेला गूळ गावाला प्रसाद म्हणून वाटायचा. पोर लहान होतं तोवर तानूबाईच त्याला कडेवर आणि ढेप डोक्यावर घेऊन चढायची.

त्या पहिल्या जत्रेला म्हातारा गुरव तिला एक वाक्य बोलला. "तानू, ध्यानात ठेव. मायेचा भार चढता ठेवायचा, उतरता ठेवायचा न्हाई."

म्हातारा बोलला, प्रसाद खाल्ला, मिशा पुसल्या, विसरून गेला! पण तानूबाई नाही विसरली. तिनं ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं.

आता सांगा, पोराचं वजन चढतं ठेवायला काय लागतं? काही नाही! पोरं वाढतातच. दरसाल ढेप मोठी, दरसाल हिंदुराव मोठा. दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर स्वतः ढेप खांद्यावर घेऊन पळत सुटायचा. वरून घंटा अशी बडवायचा की झाडावरची वटवाघळं उडायची! खाली तानूबाई पदर पसरून उभी. घंटा ऐकली की म्हणायची, "पोचला गं माझा वाघ!"

पण एका साली घात झाला. हिंदुराव एकोणीस वर्षांचा असेल. जत्रेच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. पोरगा वाळून काठी झाला. तुलेला बसला तेव्हा पारडं वर गेलं, आणि गुळातली एक ढेप उतरवून ठेवावी लागली. आणि मंडळी, त्याच साली दिवाळीच्या आत त्याचे वडील गेले. आजार नाही, पाजार नाही. सकाळी गुऱ्हाळावर गेलेला माणूस दुपारी घरी आणला.

वैद्यानं कारण सांगितलं, लोकांनी समजूत घातली. पण तानूबाईच्या मनानं एकच धरलं. ढेप उतरवली, म्हणून मायेनं माझं कुंकू उतरवलं.

हसू नका आता. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच धरलं असतं.

त्या दिवसापासून तिनं घेतला ध्यास! पोराला भरवायचा! सकाळी दुधात साय आणि सायीत साखर. भाकरीवर लोण्याचा गोळा. दुपारी जेवण, चार वाजता लाडू, रात्री पुन्हा बाजरीचा मलिदा. हिंदुराव "नको" म्हणाला की ती म्हणायची, "नको कसं? तुझ्या बापाला जाऊन किती वर्सं झाली?" आता या प्रश्नाला उत्तर काय देणार? तोंड उघडून घास घ्यायचा, दुसरं काय!

बरं, तेव्हा तो खाल्लेलं पचवत होता. गुऱ्हाळावर स्वतः राबायचा. उसाच्या मोळ्या खांद्यावरून आणायचा, चुलवाणात चिपाडं सारून जाळ धरायचा, रस उकळायला लागला की ती भली मोठी काहील ढवळत उभा राहायचा. घामानं न्हायचा. आठ भाकरी खायचा आणि त्या कुठं जायच्या, पत्ता लागायचा नाही! पुढं बरकत आली. लग्न झालं, शालन घरात आली. कामाला माणसं ठेवली, मोळ्या ट्रॉलीतून यायला लागल्या, ढवळायला यंत्र आलं. हिंदुराव खुर्चीत बसला. हातात मोबाईल आला. मंडळी, काम यंत्रानं घेतलं — पण भाकरी काही यंत्रानं घेतल्या नाहीत! त्या तेवढ्याच राहिल्या!

घरापासून गुऱ्हाळ किती लांब? इकडून हाक मारली तर तिकडून ओ यावी, एवढंच. पण जायचं मोटरसायकलवर! देवळात मोटरसायकल, कटिंगला मोटरसायकल, शेजारी विरजण मागायला मोटरसायकल! किक मारण्यात जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात माणूस पायी जाऊन, विरजण घेऊन, दोन गोष्टी बोलून परत आला असता. दुपारी स्टँडवरचे वडे, वर थंडगार गोड बाटली. रात्री मोबाईल बघत बघत उशिरा जेवण. काय जेवलो ते मोबाईलला ठाऊक! आणि जेवला की आडवा.

आणि देवभक्त तर केवढा! सोमवारी उपवास! उपवासाला काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, वरून चार केळी, आणि संध्याकाळी उपवास सोडायला बासुंदी. महादेव वरून म्हणाला असेल, "बाबा रे, तू उपवास धरू नकोस. रोजच्यासारखा जेव, तेवढंच कमी होईल!"

काय हो पेटीवाले, फार हसताय? पेटी आणि तुमच्यातलं अंतर दरसाल वाढतंय, आम्ही बघतोय! परवा भात्याला हात पुरत नव्हता!

तर दरसाल हिंदुरावाचं पारडं खाली आणि गुळाचा ढीग वर. आणि गाव? गाव खूश! का नाही होणार! त्याच्या अंगावर जेवढं चढणार, तेवढं यांच्या घरी येणार. जत्रा महिन्यावर आली की आमंत्रणं सुरू. "हिंदुराव, आज आमच्याकडं पुरणपोळी." "हिंदुराव, उद्या आमच्याकडं तांबडा-पांढरा रस्सा." आणि ताटापाशी बसून आग्रह — "घ्या की! देवीचं काम हाय!" अहो, सगळ्या गावानं मिळून माणूस पोसला! जत्रेत लोक मिरवायचे, "आमच्या गावासारखी गूळतुला पंचक्रोशीत न्हाई!" हिंदुरावालाही ते गोड वाटायचं. छाती फुगवायचा तो. आता छाती कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं, ते दिसत नव्हतं, हा भाग वेगळा!

एकच गोष्ट त्याला आतून टोचायची. पहिली ढेप आता त्याच्या खांद्यावरून जात नव्हती. त्याला डोंगर चढवतच नव्हता. धोंडी गुरव, त्या म्हाताऱ्या गुरवाचा मुलगा, तो ढेप न्यायचा, तोच घंटा वाजवायचा. हिंदुराव खाली खुर्चीत बसून वर बघत हात जोडायचा. ज्या मायेनं त्याला जगवलं, तिचं तोंड त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तानूबाई घंटा ऐकून पदर पसरायची, पण "पोचला गं माझा वाघ" म्हणायची नाही. ते त्याला खुर्चीत बसल्या बसल्या ऐकू यायचं — तिचं न बोलणं.

आता ऐका, गोष्ट वळण घेते.

अशीच एक जत्रा. ढोल वाजतोय, हलगी कडाडतेय. हिंदुराव पारड्यात बसला. गुळाच्या ढेपा चढल्या, तराजू सरळ झाला, लोक मोठ्यानं ओरडतायत. आणि — कर्र... कर्र... धब्ब! पारड्याचा दोर तुटला! हिंदुराव जमिनीवर, गुळाच्या ढेपा अंगाभोवती, आणि एक ढेप गडगडत जाऊन हलगीवाल्याच्या पायावर! जत्रा पोट धरधरून हसली. हिंदुरावही हसला. हसत हसत उठायला गेला — उठता येईना. दोघांनी हात दिले.

तेवढ्यात धोंडी गुरवानं सवयीनं पहिली ढेप उचलली. आणि हिंदुरावाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ती त्याच्या खांद्यावरून काढून घेतली. "आण हिकडं. यंदा मी नेणार."

आणि निघाला, मंडळी! खाली ढोल दुप्पट वाजायला लागला. तानूबाई उठून उभी राहिली. हिंदुराव चढला, थांबला. चढला, थांबला. वाटेत एक करंजाचं झाड आहे, अर्ध्यावरही नाही ते, तिथवर गेला आणि बसला. ढेप मांडीवर. घामानं ओला, ओठ निळसर, छातीत कोणीतरी मूठ आवळतंय असं. वर बघितलं. मायेचं शिखर तेवढंच लांब. लहानपणी या झाडापाशी तो ढेपेचा खांदा बदलायचा, तोसुद्धा न थांबता!

चौघांनी घोंगड्यात घालून त्याला खाली आणला. पालखी उतरावी तसा! आणि तानूबाई घोंगड्याबरोबर धावत काय म्हणत होती, ठाऊक आहे? "बाजूला व्हा रं! लेकरू भुकेजलंय! सकाळपास्नं त्याच्या पोटात काय न्हाई!"

दुसऱ्या दिवशी शालननं त्याला तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे कुरकुरतायत. बाईंनी विचारलं, "रात्री घोरतात का?"

शालन म्हणाली, "घोरण्याचं मला काय न्हाई वाटत, बाई. घोरणं थांबतं, त्याची भीती वाटती. मधीच आवाज बंद हुतो, श्वासच न्हाई. मी उठून हलवती, मग पुन्हा सुरू हुतं. त्यांना सांगितलं न्हाई कधी."

हिंदुरावानं बायकोकडं पाहिलं. इतक्या रात्री ही बाई आपला श्वास राखत बसलीय, आणि आपल्याला पत्ता नाही!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं काळीज अजून धड आहे. पण त्याला तुम्ही दोन माणसांचं काम लावलंय. आत्ता ऐकलंत तर सगळं हातात आहे. असंच चाललं तर पुढच्या जत्रेला तराजू असेल, गूळ असेल, पारड्यात बसायला तुम्ही असाल की नाही, सांगता येत नाही."

काही जादू दिली नाही हो बाईंनी! गोळ्या दिल्या, त्या वेळेवर घ्या म्हणाल्या. भूक असेल तेवढंच जेवा, दिवस मावळायच्या सुमाराला जेवण उरका, गोड आणि तळलेलं सणापुरतं, बाटली बंद. आणि म्हणाल्या, पायांना काम द्या, ते कधीचे रिकामे बसलेत!

घरी आल्यावर हिंदुरावानं आईला सांगितलं. तानूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उतरतं ठेवायचं न्हाई!"

"आई, डाक्टर म्हणत्यात—"

"डाक्टरनं तुला जगवलं व्हतं का? मायेनं जगवलं. मागच्या टायमाला उतरलं तवा काय झालं, तू बघितलंस. आता मायेनं तुला नेलं तर मी काय करू?"

बघा मंडळी, दोघांच्याही तोंडी एकच गोष्ट. तो म्हणतो, खाल्लं तर मी मरेन. ती म्हणते, नाही खाल्लं तर तू मरशील! कोणाचं खोटं? दोघंही एकमेकांवरच्या मायेनंच बोलतायत!

मग घरात लढाई जुंपली. हिंदुराव दोन भाकऱ्यांवर आला, तर तानूबाई भाकरीच्या पापुद्र्यात तुपाचा गोळा लपवायची! आमटीत वरून तूप, सदऱ्याच्या खिशात लाडू! हिंदुराव गुऱ्हाळावर चालत निघाला की ती मोटरसायकल पुसून दारात आणून उभी करायची. आणि गाव? "हिंदुराव, तोंड उतरलं की रं!" "काय दुखणंबिखणं न्हाई न्हवं?" माणूस बरा व्हायला लागला की आपण विचारतो, आजारी आहेस का! धोंडी गुरवाला प्रसादाची चिंता, "आसं केल्यास गावाला काय वाटायचं?" एकटी शालन त्याच्या बाजूला. ती रोज पहाटे त्याच्याबरोबर चालायची, आणि परत आल्यावर त्याच्या खिशातले लाडू मोरीजवळच्या चिमण्यांना घालायची. चिमण्यांना उडवेना मंडळी, शेवटी शेवटी!

एक दिवस तानूबाईनं ताट बाजूला सारलं. "तू जेवत न्हाईस, मी बी जेवणार न्हाई."

हिंदुराव तिच्याजवळ खाली बसला. आता तो मांडी घालून बसू शकत होता, हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. म्हणाला, "आई, मला मायेचं तोंड बघायचंय गं. लई वर्सं झाली."

तानूबाईनं सारलेलं ताट आणखी लांब ढकललं. मग म्हणाली, "आणि मला तुझ्या बापाचं तोंड अजून दिसतंय. तुझं तसलं बघायला लावू नगंस."

हिंदुरावानं ताट पुन्हा तिच्यापुढं सरकवलं. मग तो उठला आणि चालायला गेला. रडत रडत चालला, पण चालला. हे लक्षात ठेवा मंडळी, रडत चाललं तरी चालणं होतंच!

वर्ष सरत आलं. आधी गुऱ्हाळापर्यंत दम लागायचा, मग ओढ्यापर्यंत लागेना, मग करंजाच्या झाडापर्यंत. पुन्हा काहील ढवळायला उभा राहिला. शालन म्हणाली, आता घोरणं अखंड असतं, मी पण झोपते! डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "चढा डोंगर. दमानं चढा, पण चढा."

आणि जत्रा आली! बोला — डोंगराईच्या नावानं... चांगभलं!

तानूबाईनं काय केलं असेल? मागच्या साली जेवढा गूळ लागला होता, बरोबर तेवढाच गूळ करून तराजूपाशी आणून ठेवला. मनात अजून आशा, मायेनं चमत्कार केला तर! नवा जाड दोर बांधलेला. हिंदुराव पारड्यात बसला. ढेपा चढल्या. आणि हिंदुरावाचं पारडं उचललं... वर, वर गेलं! पाय लोंबायला लागले! धोंडीनं एक ढेप काढली. हिंदुराव अजून वरच. दुसरी काढली. अजून वरच. तिसरी काढली — तेव्हा तराजू सरळ झाला.

तीन ढेपा! हलगी थांबली. लोक कुजबुजायला लागले. कावीळ झाली त्या साली एक उतरली होती, आणि आज तीन! तानूबाई मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबला आणि डोंगराकडं बघून म्हणाली, "माये, घ्यायचं तर मला घे. त्याला न्हाई."

हिंदुराव पारड्यातून उतरला. एकट्यानं, कोणाचा हात न धरता! धोंडीला म्हणाला, "पोतं आण."

"कशाला?"

"आण तर. काढलेल्या ढेपा घरी न्यायच्या न्हाईत. मागल्या साली मायेला जेवढं दिलं, तेवढंच यंदा बी देणार. कणभर कमी न्हाई." तीनही ढेपा पोत्यात भरल्या, तोंड बांधलं. "पारड्यात बसंल तेवढं गावाला. हे माझ्या खांद्यावरून वर जाणार."

आणि त्यानं पोतं उचललं. मंडळी, त्याचे डोळेच फिरले! एवढं जड? कंबर लचकली, पाय रुतले. तानूबाई उठून धावली. "ठेव रं, ठेव! पाठ मोडंल तुझी! एवढं वझं घिऊन डोंगर चढतोस व्हय?"

हिंदुरावानं पोतं खाली ठेवलं. म्हणाला, "आई, तू उचलून बघ."

ती वाकली. दोन्ही हातांनी पोत्याचे कान धरले. जोर लावला. पोतं हललंसुद्धा नाही. पुन्हा लावला. नाही.

"आई, मागल्या जत्रेला हेच पोतं माझ्या अंगावर व्हतं. हे घिऊन मी झोपत व्हतो, हे घिऊन उठत व्हतो. आता दमलो तर खाली तरी ठिवता येतंय. तवा तेबी येत नव्हतं."

तानूबाईनं पोत्यावरून हात फिरवला. मग त्याच्या पाठीवरून फिरवला. आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, "हे मी घातलं व्हय रं तुझ्या पाठीवर?"

हिंदुराव म्हणाला, "न्हाई गं. तू माया घातलीस. मी बसून राहिलो, म्हणून ती थिजली."

जत्रेत एकही माणूस हसला नाही, मंडळी. ज्यांनी पुरणपोळ्या वाढल्या होत्या ना, ते सगळे आपापल्या पायांकडं बघत होते.

तानूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग स्वतः पोत्याला हात लावला, शालनला हाक मारली, आणि सासूसुनांनी मिळून ते त्याच्या खांद्यावर चढवून दिलं! "जा," म्हणाली. "दमलास तर बस. पण जा."

हिंदुराव निघाला. करंजापाशी पोतं टेकवलं, दम घेतला, पुन्हा उचललं. खालून दिसत होता, मग वळणावर दिसेनासा झाला. ढोल बंद. सगळी जत्रा माना वर करून. बराच वेळ काही नाही. वारा तेवढा. धोंडी म्हणाला, "बघून येऊ का?" तानूबाई म्हणाली, "गप उभा ऱ्हा!"

आणि — घणण! घण घण घण घणण! अशी बडवली घंटा, अशी बडवली की वटवाघळांचा थवाच्या थवा उडाला! खाली तानूबाईनं पदर पसरला. आणि इतक्या वर्षांनी तोंडातून शब्द फुटले, "पोचला गं! पोचला माझा वाघ!"

वर काय झालं म्हणाल तर हिंदुराव मायेपुढं बसला होता, नुसता तोंड बघत. पोतं तिच्या पायाशी. खांदा मोकळा, पाठ मोकळी. काही मागितलं नाही त्यानं. रडला मात्र मनसोक्त.

गोष्ट इथं संपली असती. पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, आणि ती बघायला जत्रा नव्हती. हिंदुराव जेवायला बसला. ताटात दोन भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी, ताक. जेवण संपत आलं. तानूबाई भाकरी घेऊन आली. जन्मभर काय करायची? आली की टाकायची ताटात! विचारायचं कशाला! त्या दिवशी ती थांबली. हातात भाकरी तशीच. म्हणाली,

"वाढू का रं आणखी?"

हिंदुरावानं वर बघितलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी हे विचारत होतं. म्हणाला, "नको, आई. पोट भरलं."

आणि मंडळी — तिनं हात मागं घेतला.

बस्स! आता सांगा, मायेचं माप काय? त्या हातानं वर्षानुवर्षं हजारो भाकऱ्या वाढल्या, ती माया होतीच, कोण नाही म्हणतो? पण त्या सगळ्या एका पारड्यात ठेवा, आणि तो मागं घेतलेला एक हात दुसऱ्या पारड्यात ठेवा. कुठलं पारडं खाली जाईल? मनातल्या मनात सांगा.

ही गोष्ट पिंपळखोलची होती. तुमच्या गावातलं कोणी नाही हो यात! तुमच्यात कुठं आहेत हिंदुराव? हा मांडव बघून तर वाटतं, सगळे पारड्यात बसून वरच जातील! लाजू नका. आणि एकमेकांच्या पोटाकडं बोटं दाखवू नका. ज्याच्या अंगावर दिसतं त्याला हसणं सोपं असतं. त्याच्या ताटात वाढणारे हात कोणाचे होते, ते आधी आठवा. घरी गेलात की एकमेकांना विचारा, रात्री माझा श्वास नीट चालतो का? कोणीतरी जागं असेल, आणि बोललं नसेल.

आता आरती झाली की महाप्रसाद आहे. वास येतोय, मला कळतंय, म्हणून तर तुम्ही मघापासून आचाऱ्याकडं बघताय! जेवा, आनंदानं जेवा, देवाचं अन्न आहे. पण वाढपी मंडळी, तुम्हाला हात जोडून सांगतो, आज पंगतीत "घ्या, घ्या" म्हणायचं नाही. विचारायचं, "वाढू का?" आणि समोरचा "नको" म्हणाला, की हात मागं घ्यायचा. तोच आजचा नैवेद्य.

आणि शेवटचं! मंडपाबाहेर मोटरसायकलींची ही रांग लागलीय. समोरच्या गल्लीतून आलेली माणसं, मी ओळखतो सगळ्यांना! आज आरतीच्या ताटात नाणं टाकू नका, किल्ली टाका! आज पायी घरी जा, उद्या सकाळी पायी या, देवाला हात जोडा आणि आपापली किल्ली प्रसाद म्हणून घेऊन जा. चला, निरांजन लावा, ताट फिरवा! पहिल्यांदा कुणाकडं? अहो, विचारता काय — पेटीवाल्यांकडं! टाका हो, टाका! वाजली बघा किल्ली ताटात... कशी घंटेसारखी वाजली! उठा मंडळी, उभे राहा, आणि पार डोंगरापलीकडं ऐकू जाईल असं बोला — डोंगराईच्या नावानं... चांगभलं!